भूवापरबदल (अहिल्यानगर जिल्हा)

माळाचे शेत, कोरडवाहू शेताचे बागायत आणि बागायतीचे बिगरशेती होणे, असा जमिनीच्या उपयोगात घडणारा बदल. सु. १७,००० चौ. किमी. पसरलेला अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) हा क्षेत्रफळाने महाराष्ट्रातील सर्वांत मोठा जिल्हा. पश्चिमेस सह्याद्रीचा पाऊस झेलणारा अकोले तालुका आणि पूर्व-दक्षिणेस पर्जन्यछायेतील पाथर्डी, जामखेड, कर्जत हे एकाच जिल्ह्यात असल्याने एका तालुक्यातील जमिनीचा बदल दुसऱ्या तालुक्यातील माणसांचे जगणे ठरवतो.

सर्वांत मोठा बदल प्रवरा नदीच्या पाण्याने घडवला. भंडारदरा येथील धरण १९२६ मध्ये पूर्ण झाले आणि संगमनेर, राहाता, श्रीरामपूर, राहुरी या भागांत पाटाच्या पाण्यावर ऊस उभा राहिला. विठ्ठलराव विखे पाटील यांच्या पुढाकाराने आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या साहाय्याने लोणी येथे १९५० च्या सुमारास सहकारी साखर कारखाना सुरू झाला. बाजरी-ज्वारीवर जगणाऱ्या गावांत त्यातून शाळा, दवाखाने, पतपुरवठा आला. हे श्रेय कोणी नाकारू नये. पण भारी काळ्या जमिनीत निचरा मंद असतो. वर्षभराहून अधिक काळ शेतात उभ्या राहणाऱ्या उसाला पाटाने भरपूर पाणी देत राहिले की भूजलाची पातळी मुळांपर्यंत चढते, ओलाव्याबरोबर क्षार वर येतात आणि जमीन आधी चिबड (पाणी साचून राहणारी), मग चोपण (क्षारांमुळे घट्ट, नापीक) होते. चर काढणे, जिप्सम घालणे, पाचट-शेणखत देणे हे उपाय आहेत. ते खर्चिक असून एकट्या शेतकऱ्याच्या आवाक्यातले नाहीत, कारण निचऱ्याचे पाणी शेजाऱ्याच्या बांधातूनच पुढे न्यावे लागते.

याच उसाच्या तोडणीसाठी पाथर्डी, शेवगाव, जामखेडमधून आणि शेजारच्या बीड जिल्ह्यातून टोळ्या निघतात. मुकादमाकडून उचल (आगाऊ पैसे) घेतलेले नवरा-बायकोचे ‘कोयते’ दिवाळीच्या आगेमागे घर सोडतात व गाळप संपल्यावर परततात. मुलांची शाळा मध्येच सुटते. पाणी जिथे पोचले नाही तिथल्या माणसांनी पाणी पोचलेल्या शेतात राबावे, ही विषमता भूवापराच्या नकाशातच आखलेली आहे. निळवंडे धरणाच्या डाव्या कालव्याचे लोकार्पण २६ ऑक्टोबर २०२३ रोजी झाले. अवर्षणग्रस्त गावांसाठी आलेले हे पाणी पुन्हा उसातच मुरणार का, हा प्रश्न आजच विचारला पाहिजे.

उसाने वन्यजीवांचाही पत्ता बदलला. दाट, ओलसर फड बिबट्याला लपायला व पिल्ले वाढवायला सोयीचे, आणि गावातील कुत्री-शेळ्या हे भक्ष्य जवळच. विद्या अत्रेय व सहकाऱ्यांनी अकोले परिसरात केलेल्या, २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, जंगल नसलेल्या दाट वस्तीच्या शेतीप्रदेशात १०० चौ. किमी.मध्ये सु. ५ प्रौढ बिबटे आढळले. तेथील बिबट्या चुकून वाट सोडून आलेला नसतो. तो उसातच राहतो. म्हणून पकडून दुसरीकडे सोडण्यावर भिस्त ठेवण्यापेक्षा बंदिस्त गोठे, उघड्यावरील कचरा हटवणे आणि रात्रीऐवजी दिवसा शेतीची वीज देणे हे मार्ग खरे.

दक्षिणेकडील माळरानांच्या नुकसानाबद्दल कमी बोलले जाते. गवताळ माळ महसुली नजरेने ‘पडीक’. म्हणून तो नांगरला गेला, त्यावर झाडे लावली गेली, त्याचे भूखंड पडले. कर्जत, श्रीगोंदा भागाचा समावेश असलेले माळढोक पक्ष्याचे अभयारण्य १९७९ मध्ये घोषित झाले; त्याचे मूळचे सु. ८,५०० चौ. किमी. क्षेत्र पुढे सु. १,२०० चौ. किमी.वर आणले गेले. माळढोक आता राज्यातून जवळजवळ नाहीसा झाला आहे. काळविटासाठी राखलेले कर्जत तालुक्यातील रेहेकुरी (१९८०) जेमतेम २ चौ. किमी.चे. माळ आक्रसला तशी धनगरांच्या मेंढरांची वाटही आक्रसली. गावच्या सामाईक चराऊ जमिनीवरील, म्हणजे गायरानावरील, अतिक्रमणांविरुद्ध सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये दिलेल्या निकालानंतर राज्य शासनानेही त्याच वर्षी गायरान अन्य कामांस देण्यावर निर्बंध घातले.

उलट दिशेचा बदलही याच जिल्ह्याने दाखवला. अण्णा हजारे यांचे राळेगणसिद्धी (१९७५ पासून) आणि पोपटराव पवार यांचे हिवरे बाजार (१९९० पासून) येथे पाणलोटाची कामे, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी झाली. हिवरे बाजारने शेतीसाठी बोअर घेण्यास आणि ऊस-केळीसारख्या पिकांना मनाई केली. पडलेला पाऊस मोजून दरवर्षी पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडला जातो आणि त्यावर पिके ठरतात. गेलेली कुटुंबे परतली, दूध वाढले. मात्र चराईबंदीचा भार ज्यांना जमीन नाही त्यांच्यावर आधी पडतो. संगमनेर तालुक्यातील दरेवाडी येथे १९९० च्या दशकातील पाणलोट प्रकल्पात म्हणूनच बंदी टप्प्याटप्प्याने लागू करावी लागली.

सुपे येथील औद्योगिक वसाहत, शिर्डीभोवतीची बांधकामे आणि कोपरगाव तालुक्यातून गेलेला समृद्धी महामार्ग यांमुळे शेतजमीन बिगरशेती होण्याचा वेग अलीकडे वाढला आहे. या तिन्हींवर गावांचा फारसा ताबा नाही; त्यांच्या हाती अजून असलेले साधन गायरान हेच आहे. ग्रामसभांनी त्याची मोजणी करून घ्यावी, हद्दी कायम कराव्यात आणि ते कोणाच्या जनावरांसाठी किती काळ खुले राहील हे भूमिहीन व मेंढपाळांना बरोबर बसवून ठरवावे.