अनशापोटी

इराणमध्ये रक्तातली साखर तपासायला जायचं, तर 'नाश्ता' जावं लागतं. म्हणजे पोटात अन्नाचा कण नसताना. फारसीत 'नाश्ता' म्हणजे उपाशी. आपल्याकडे येईपर्यंत या शब्दाच्या हातात पोह्यांची बशी आली. रिकाम्या पोटी जे पहिलं खायचं, त्याला त्या रिकाम्या पोटाचंच नाव पडलं.

न्याहारीची कुळकथाही अशीच. फारसी 'नहार' म्हणजे न जेवलेला, मुळात 'अनाहार'. हिंदीतलं 'निहार मुँह' तेच सांगतं. या शब्दाचा संबंध अरबी 'नहार', म्हणजे दिवस, याच्याशी जोडणारेही आहेत, पण मला अनाहाराचीच बाजू पटते. इराणात तर हा शब्द सरकत सरकत दुपारच्या जेवणावर जाऊन बसलाय.

आपला घरचा शब्द मात्र मूळ अर्थाला चिकटून राहिला: अनशापोटी. वैद्यांच्या पुडीबरोबर तो हमखास यायचा. आता लॅबवाले 'फास्टिंग' म्हणतात. यातला धातू 'अश्', खाणे. अनशन, अन्नप्राशन ही त्याचीच पिलावळ. आयुर्वेदातला 'अध्यशन' हा शब्द तर आज पुन्हा वापरात आणावा असा आहे: आधीचं पचलेलं नसताना वर आणखी खाणं. साडेदहाचं बिस्किट, बाराचं फळ, चारचा चिवडा या सगळ्याला एवढा नेमका शब्द दुसरा नाही.

त्याच्या उलट लंघन. 'लंघ्' म्हणजे ओलांडणे. सीमोल्लंघनात तोच धातू आहे. जेवणाची वेळ ओलांडून जायची, असा सरळ अर्थ वाटतो. चरकसंहितेत मात्र शरीराला हलकेपणा आणणारं ते लंघन, आणि त्याच्या दहा प्रकारांत उपवासाच्या जोडीला व्यायाम, ऊन, वारा हेही येतात. मराठीत यातला उपवास तेवढा उरला, तोही बहुतेक तापकऱ्याच्या वाट्याला.

व्रतांच्या भाषेत जेवणाच्या वेळा चोख होत्या. दिवसा एकदाच जेवायचं ते एकभुक्त, दिवसभर थांबून रात्री जेवायचं ते नक्त. फलाहाराचा मात्र फराळ झाला आणि त्यात चकली शिरली. 'एकादशी आणि दुप्पट खाशी' ही म्हण कुणा वैऱ्याने केलेली नाही, घरातल्याच माणसांनी केलीय. उपास आणि उपाशी हे शब्दही एकाच 'उपवासा'तून आले, पण पहिला आपण धरतो आणि दुसरं आपल्याला राहावं लागतं.

अलीकडे या यादीत एका आडनावाची भर पडली. डॉ. श्रीकांत जिचकारांच्या मांडणीवरून डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी दिवसातून दोनदाच, प्रत्येक वेळी 55 मिनिटांच्या आत जेवण्याचा प्रचार केला. हा आहार कुणाला मानवतो, कुणाला नाही; मधुमेहाची औषधं चालू असणाऱ्याने डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्या वाटेला जाऊ नये. भाषेने मात्र तो लगेच पचवला. पंगतीत लाडू पुढे आला की लोक ताटावर हात आडवा धरून म्हणतात, "नको, माझं दीक्षित चालू आहे." चतुर्थी असावी तसं.

आडनावही असं की सोमयागाची दीक्षा घेतलेल्या यजमानाला दीक्षित म्हणत, आणि तेवढ्या दिवसांत त्याला नेहमीचं जेवण बंद असे. मिळे ते ठरल्या वेळचं दूध.