व्यासपीठ कोणते निवडावे?

अनुदिनी सुरू करू पाहणारा नवा लेखक पहिला प्रश्न विचारतो तो साधनाविषयी: ब्लॉगर घ्यावे की वर्डप्रेस? वरवर हा प्रश्न तांत्रिक दिसतो. आम्हाला मात्र त्यात एक जुना वाङ्मयीन प्रश्न दडलेला दिसतो. 'प्लॅटफॉर्म' म्हणजे व्यासपीठ; आणि व्यासपीठ कोणाचे, हे नंदुरबार जिल्ह्याच्या भूमीत महाजाल येण्याआधीच विचारले गेले होते. शहादे परिसरातील आदिवासी चळवळीत घडलेले भिली कवी वाहरू सोनवणे यांची 'स्टेज' ही कविता याच प्रश्नाभोवती उभी आहे. ज्यांच्या नावाने मंच उभारला ते खालीच राहतात आणि त्यांच्या वेदनेविषयी बोलण्याचा मान इतरांकडे जातो, हा तिचा विषय. त्यांचा 'गोधड' हा संग्रह १९८७ साली प्रसिद्ध झाला.

प्रस्थापित मंच नाकारून स्वतःचा उभारण्याची परंपरा मराठीत त्याआधीपासून होती. दिलीप चित्रे, अरुण कोलटकर, रमेश समर्थ या मित्रांनी १९५४ साली काढलेले 'शब्द' हे अनियतकालिक चक्रमुद्रित होते. छापखाना परवडत नव्हता, म्हणून जे यंत्र हाताशी आले त्यावर त्यांनी काम भागवले. १९९९ साली निघालेले ब्लॉगर (ते २००३ मध्ये गूगलने घेतले) आणि २००३ सालचे वर्डप्रेस यांनी हीच सोय कित्येक पटींनी वाढवली. प्रतींची मर्यादा संपली आणि संपादकाची परवानगी अनावश्यक झाली.

तथापि मराठी लेखकापुढे व्यासपीठाच्याही आधी लिपीची अडचण होती. संगणकावरील देवनागरी पुष्कळ काळ वेगवेगळ्या टंकांत विभागलेली होती. प्रत्येक टंकाची अंतर्गत सांकेतिक रचना निराळी. त्यामुळे एका टंकात लिहिलेला लेख तो टंक नसलेल्या संगणकावर उघडला, की अक्षरांच्या जागी निरर्थक चिन्हांचा खच दिसे. देवनागरीला १९९१ च्या युनिकोडमध्येच स्थान मिळाले होते. पण सामान्य संगणकांवर ती सहज दिसू लागेपर्यंत पुढचे दशक उजाडले. मराठी अनुदिन्यांचा बहर त्यानंतरचा आहे, हा योगायोग नव्हे. जुन्या टंकांत अडकलेले लेखन आजही रूपांतर केल्याशिवाय वाचता येत नाही. लेखक आहे, लेखन आहे, आणि तरी वाचक त्याच्यापर्यंत पोहोचू शकत नाही, अशी ही विचित्र अवस्था.

दुसरा धडा जागेच्या मालकीचा. जुलै २००६ मध्ये भारत सरकारने मोजक्या संकेतस्थळांवर बंदी घालण्याचा आदेश दिला, तेव्हा अनेक सेवादात्यांनी ब्लॉगस्पॉटचा संपूर्ण पत्ताच बंद केला. ज्यांचा त्या वादाशी काही संबंध नव्हता अशा लेखकांची पानेही काही दिवस भारतातील वाचकांना दिसेनात. ऑक्टोबर २००९ मध्ये याहूने जिओसिटीज ही मोफत पानांची वसाहत मोडीत काढली. घर भाड्याचे असो वा फुकटाचे, ते रिकामे करण्याची सूचना कधीही येऊ शकते.

मग नवख्याने काय करावे? स्वतःचा पत्ता आणि भाड्याची जागा घेऊन त्यावर वर्डप्रेस बसवले तर सत्ता पुष्कळशी आपली राहते. पण दरवर्षी पैसे भरावे लागतात, आणि ते चुकले की दार बंद. विद्यार्थ्याला हा भार नको असेल तर ब्लॉगर किंवा वर्डप्रेसची मोफत सेवा पुरेशी आहे. मजकुराची रूपे किती आकर्षक आहेत, हे आम्ही शेवटी पाहू. आधी तीन गोष्टी पाहाव्यात: लेखन युनिकोडमध्ये आहे का, सगळे लेख एकत्र उतरवून घेता येतात का, आणि घरी त्याची प्रत आहे का. उतरवून घेण्याची सोय या दोन्ही ठिकाणी आहे; ती वापरण्याची सवय मात्र आपली आपणच लावून घ्यावी लागते.

आमच्या जिल्ह्यात या सवयीचे मोल अधिक आहे. मावची, पावरी, देहवाली या बोलींतील गाणी आणि कथा प्रामुख्याने मुखपरंपरेने टिकल्या आहेत. एखादा विद्यार्थी आजीच्या तोंडची गाणी देवनागरीत उतरवून अनुदिनीवर ठेवतो, तेव्हा कदाचित ती त्या गाण्यांची पहिलीच लिखित प्रत असते. ती हरवली तर छापील पुस्तकासारखी दुसरी प्रत कोणत्याही ग्रंथालयात सापडणार नाही. म्हणून व्यासपीठ कोणतेही निवडावे. पण त्यावरून उतरताना आपले शब्द बरोबर नेता येतील, एवढी खात्री चढण्यापूर्वीच करून घ्यावी.