यकृत व पित्तनलिकेचा कर्करोग : पूर्वानुमान

या कर्करोगांत रुग्ण साधारण किती काळ जगेल आणि कोणता उपचार त्याला झेपेल, याचा आधी बांधलेला अंदाज. यकृतात केवळ गाठ मोजून भागत नाही. गाठ बहुधा सिरोसिसने आधीच आखडलेल्या यकृतात वाढते. पुष्कळदा रुग्ण दगावतो तो यकृत निकामी होऊन. म्हणून उरलेल्या यकृतात किती दम आहे तेही पाहावे लागते. चाइल्ड व टरकॉट यांनी १९६४ मध्ये सुचवलेली आणि प्यू यांनी १९७३ मध्ये सुधारलेली गुणपद्धत त्यासाठीच आहे. तीत पोटातले पाणी आणि रुग्णाची शुद्ध यांना दिलेले गुण डॉक्टरांच्या नजरेवर ठरतात. २०१५ची ‘अल्बी’ पद्धत अल्ब्युमिन व बिलिरुबिन या दोनच रक्ततपासण्यांवर चालते. तालुक्याच्या गावालाही ती परवडावी. बार्सिलोना पद्धत (१९९९) गाठ, यकृत आणि रुग्णाची हिंडण्याफिरण्याची ताकद एकत्र धरून उपचार सुचवते.

पित्तनलिकेचे गणित अधिक अवघड. पहिले लक्षण बहुधा कावीळ; ती उतरवून घेण्यात आठवडे जातात आणि शस्त्रक्रियेची वेळ टळते. ‘सीए १९-९’ ही रक्तचाचणी नुसत्या तुंबलेल्या पित्तानेही वाढते, तर काहींच्या शरीरात तो घटक तयारच होत नाही. पित्ताला वाट करून दिल्यावर केलेली मोजणीच त्यातल्या त्यात भरवशाची. शस्त्रक्रिया झाल्यास कापलेली कड निर्मळ आहे का आणि लसीका ग्रंथींत रोग आहे का, यावर पुढचे बरेच ठरते.

पुढे गेलेल्या पित्तमार्गाच्या कर्करोगात जेमसिटाबिनला सिस्प्लॅटिनची जोड दिल्यावर मध्यक आयुष्य ८.१ वरून ११.७ महिन्यांवर गेले (२०१०). यकृताच्या कर्करोगात ॲटेझोलिझुमॅब व बेव्हॅसिझुमॅब या जोडीने १९.२ महिने मिळाले, सोराफेनिबने १३.४. मध्यक म्हणजे निम्मे रुग्ण त्याहून अधिक जगले. समोरच्या एका माणसाला ते महिने मोजून सांगणे चूकच.

खुलताबाद तालुक्यातील रुग्णाला जवळचे मोठे सरकारी ठिकाण म्हणजे छत्रपती संभाजीनगरचे शासकीय कर्करोग रुग्णालय. स्थानिक पूर्वानुमानासाठी मात्र घरी परतलेला रुग्ण पुढे किती जगला हे कळावे लागते, आणि खेड्यात तेच निसटते. बार्शीच्या ग्रामीण कर्करोग नोंदणीने (१९८७पासून) त्यासाठी कार्यकर्ते गावोगाव पाठवले. म्हणूनच भारतातील ग्रामीण रुग्णांच्या आयुर्मानाचे आकडे शोधणाऱ्याला बार्शीकडे वळावे लागते.