खापराचे कूळ

नांगराला खापर लागले, तर शेतकरी ते बांधावर भिरकावतो. उत्खनन करणाऱ्याला मात्र ते जपून ठेवावे लागते. मडके फुटते, पण भाजलेली माती कुजत नाही. नाणे एखादेच मिळते, खापरे पोत्यांनी मिळतात.

ती आधी धुवायची, प्रत्येकावर थराची खूण लिहायची आणि मग वर्गवारी. त्यांत काठाचा तुकडा सर्वांत बोलका. त्याच्या वळणावरून तोंडाचा घेर आणि भांड्याचा आकार काढता येतो. पुढे रंग, नक्षी, मातीचा पोत, भाजणी. संगमनेर तालुक्यातल्या जोर्वे गावी १९५०-५१ मध्ये सांकलिया आणि देव यांनी उत्खनन केले. तिथली तांबडी, काळ्या रेघांच्या नक्षीची, तोटीची भांडी पुढे महाराष्ट्रात अनेक ठिकाणी ओळखू आली. चांगले भाजलेले जोर्वे खापर टिचकी मारली की खणकते.

या वर्गवारीचा उपयोग काय, ते घोडनदीकाठच्या इनामगावात दिसते. तिथे सुमारे इ. स. पूर्व १४०० पासून पूर्व जोर्वे आणि १००० नंतर उत्तर जोर्वे असे थर आहेत. वरच्या थरांतले आकार ओळखीचेच, पण घडण जाडीभरडी, नक्षी विरळ. त्याच थरांत ऐसपैस चौकोनी घरांऐवजी लहान गोल झोपड्या येतात. पाऊस कमी होत गेला आणि शेती मोडली, असा अर्थ ढवळीकरांनी लावला. खापरांची सरमिसळ झाली असती, तर ही पडझड कुणाला दिसलीच नसती!

आता हे काम संगणकाला शिकवतात. अमेरिकेतील ॲरिझोना राज्यातल्या नक्षीदार पांढऱ्या खापरांची हजारो छायाचित्रे त्याला दाखवली गेली. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात तो मुरलेल्या जाणकारांच्या तोडीला उतरला. गंमत म्हणजे, त्या जाणकारांचे आपसातही सगळीकडे एकमत नव्हते. आणि संगणक शिकतो तो माणसांनी दिलेल्या नावांवरूनच. शिवाय छायाचित्रातून टिचकी ऐकू येत नाही, तुटक्या कडेतली कच्ची भाजणी क्वचितच दिसते. थराची खूण पुसलेली असेल, तर तीही त्याला सांगता येणार नाही.

नक्षी जुळवण्यात तो थकत नाही, हे मात्र मोठेच. जोर्वे खापरांवर असा प्रयोग करायचा, तर पूर्व आणि उत्तर यांच्या सीमेवरची खापरे आधी वेगळी काढावी लागतील. त्यांना नाव कोणते द्यायचे, यावर पहिली खडाजंगी होईल ती माणसांमध्येच.