हंगामी फळं-भाज्या का खाव्यात? कोणत्या ऋतूत बाजारात काय मिळतं?

जुलै २०२३ मध्ये देशातल्या अनेक शहरांत टोमॅटो शंभर रुपये किलोच्या पार गेला होता. काही ठिकाणी तर त्याने दोनशेचा आकडाही ओलांडला. शेवटी केंद्र सरकारला सवलतीच्या दरात टोमॅटो विकावा लागला. त्यानंतर दोनच महिन्यांत भाव इतके कोसळले की महाराष्ट्रातल्या काही शेतकऱ्यांनी टोमॅटो रस्त्यावर ओतले.

भाजी तीच, फरक पडला तो आवकेचा. पावसाळ्याच्या सुरुवातीला टोमॅटोची आवक तशीही कमी असते. त्या वर्षी पिकाचं नुकसान झालं आणि भाव भडकले. नवीन माल आला आणि ते उतरले.

'हंगामी खा' हा सल्ला आपण आजीपासून आहारतज्ज्ञांपर्यंत सगळ्यांकडून ऐकतो. पण त्याचा नेमका फायदा काय? आणि जे सांगितलं जातं त्यातलं खरं किती?

हंगामी म्हणजे नेमकं काय?

एखादं फळ किंवा भाजी आपल्या भागातल्या हवामानात ज्या काळात भरपूर पिकते, तो तिचा हंगाम. कोकणातला हापूस साधारण मार्च ते मेमध्ये, नाशिकची द्राक्षं जानेवारी ते एप्रिलमध्ये, तर महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी हिवाळ्यात येते.

काही पिकांना वर्षातून एकापेक्षा जास्त हंगाम असतात. नागपुरी संत्र्याचा आंबिया बहार दिवाळीच्या आसपास बाजारात येतो, तर मृग बहार साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये. म्हणजे 'हंगाम' ठरतो तो पिकाची जात आणि प्रदेश यांवर. काश्मीरचं सफरचंद ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये तोडलं जातं. मे महिन्यात मिळणारं भारतीय सफरचंद बहुतेक वेळा शीतगृहातून आलेलं असतं. ते खाण्यात काही धोका नाही, फक्त ते ताजं नसतं.

फायदा १: परवडतं, म्हणून पुरेसं खाल्लं जातं

हा फायदा सगळ्यात मोठा, पण त्याबद्दल सगळ्यात कमी बोललं जातं.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये भारतीयांसाठी आहाराची नवी मार्गदर्शक तत्त्वं प्रसिद्ध केली. रोज सुमारे २००० कॅलरी लागणाऱ्या व्यक्तीच्या आहारात ४०० ग्रॅम भाज्या आणि १०० ग्रॅम फळं असावीत, असं त्यात सुचवलं आहे.

आता हिशोब करा. घरात चार मोठी माणसं असतील तर दिवसाला १ किलो ६०० ग्रॅम भाजी आणि ४०० ग्रॅम फळं. महिन्याला जवळपास ४८ किलो भाजी आणि १२ किलो फळं! पावसाळ्यात मटार आणि ऑगस्टमध्ये संत्री घेऊन हे गणित बसणं कठीण आहे. पण जानेवारीत मटार, गाजर, मेथी, पालक, मुळा असं सगळं एकाच वेळी स्वस्त होतं, तेव्हा तेच आवाक्यात येतं.

एखादी भाजी किती पौष्टिक आहे याला महत्त्व आहेच. पण ती ताटात किती वेळा आणि किती प्रमाणात येते, याला त्याहून जास्त महत्त्व आहे.

फायदा २: ताजेपणा

भाजी तोडल्यावरही तिचं श्वसन सुरू असतं. साठवलेली शर्करा खर्च होते, पाणी उडून जातं आणि क जीवनसत्त्वासारखे नाजूक घटक कमी होऊ लागतात. पालेभाज्यांमध्ये हे सर्वात वेगाने होतं, त्यातही उन्हात उघड्यावर ठेवल्यावर जास्तच.

हंगामातला माल जवळच्या शेतातून येण्याची शक्यता जास्त असते आणि तो लवकर खपतो. त्यामुळे तोडणी आणि फोडणी यांतलं अंतर कमी होतं.

पण सगळीच पोषणमूल्यं अशी उडून जात नाहीत. तंतू आणि कॅल्शियमसारखी खनिजं बऱ्याच अंशी टिकतात. म्हणून 'बिगरहंगामी भाजीत काहीच नसतं' हे म्हणणं चुकीचं आहे.

फायदा ३: फळ पुरतं पिकलेलं मिळतं

आंबा, केळी, चिकू, पपई ही फळं तोडल्यानंतरही पिकतात. द्राक्षं, संत्री, स्ट्रॉबेरी मात्र तोडली की त्यांची गोडी वाढत नाही. झाडावर जितकी आली तितकीच.

हंगामाच्या आधी चढा भाव मिळतो, म्हणून कोवळं फळ उतरवलं जातं. असा आंबा बाहेरून पिवळा दिसतो, पण आतून आंबट किंवा बेचव निघतो. काही वेळा तो पिकवण्यासाठी कॅल्शियम कार्बाइड वापरलं जातं. त्यात आर्सेनिक आणि फॉस्फरसचे अंश असू शकतात, म्हणून फळं पिकवण्यासाठी ते वापरायला भारतात बंदी आहे. ठरावीक मर्यादेत इथिलीन वायू वापरायला मात्र परवानगी आहे, कारण फळ पिकताना स्वतःही हाच वायू तयार करतं.

फायदा ४: ताटात विविधता

वर्षभर बटाटा, टोमॅटो, फ्लॉवर आणि भेंडी एवढ्यावरच भागवलं तर पोषणाचा आवाका कमी होतो. हंगामाप्रमाणे खाल्लं की भाज्या आपोआप बदलत राहतात.

महाराष्ट्रातल्या सणांमध्ये ही सोय आधीपासून आहे. संक्रांतीच्या आदल्या दिवशी भोगीची भाजी होते. हरभऱ्याचे सोलाणे, पावटा, गाजर, वांगं अशा हिवाळ्यातल्या भाज्या तिच्यात एकत्र येतात आणि सोबत तीळ लावलेली बाजरीची भाकरी असते. गणपतीच्या दुसऱ्या दिवशी ऋषिपंचमीच्या भाजीत अळू, भोपळा, सुरण, पडवळ, मका अशा पावसाळी भाज्या असतात. अनेक घरांत चातुर्मासात वर्ज्य असलेलं वांगं चंपाषष्ठीला भरीत होऊन ताटात परत येतं.

कोणत्या ऋतूत काय?

जिल्ह्यानुसार थोडा फरक पडेल, पण महाराष्ट्रातलं ढोबळ चित्र असं:

* उन्हाळा (मार्च ते मे): कैरी, आंबा, कलिंगड, खरबूज, फणस, करवंदं, जांभूळ, रातांबे, काकडी. कलिंगड आणि काकडीत ९० टक्क्यांहून जास्त पाणी असतं.
* पावसाळा (जून ते सप्टेंबर): अळू, दोडका, पडवळ, दुधी, भोपळा, कारलं, मक्याची कणसं. शिवाय टाकळा, कुर्डू, भारंगी, करटोली, शेवळं अशा रानभाज्या. पावसाळा सरता सरता सीताफळं.
* हिवाळा (ऑक्टोबर ते फेब्रुवारी): मटार, गाजर, मेथी, पालक, मुळा, पावटा, ओला हरभरा, हुरडा, आवळा, पेरू, बोरं, संत्री, स्ट्रॉबेरी. क जीवनसत्त्वात आवळा आणि पेरू संत्र्याच्याही बरेच पुढे आहेत.

रानभाज्यांबाबत एक काळजी घ्या. शेवळं आणि अळू यांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, त्यामुळे घसा खाजतो. म्हणूनच शेवळात काकडं आणि अळूत चिंच घालतात. माहीतगार विक्रेत्याकडूनच घ्या आणि करायची पद्धत त्यांनाच विचारा. ओळख नसलेली वनस्पती स्वतः तोडून खाऊ नका.

हे गैरसमज टाळा

'हंगामी म्हणजे रसायनमुक्त.' असं नाही. हंगामातल्या पिकावरही फवारणी होते. फळं-भाज्या वाहत्या पाण्याखाली नीट धुवायलाच हव्यात.

'पावसाळ्यात पालेभाज्या खाऊच नयेत.' या दिवसांत त्यांना चिखल, अळ्या आणि दूषित पाण्याचा धोका जास्त असतो. पण निवडून, दोन-तीन पाण्यांनी धुऊन आणि नीट शिजवून त्या खाता येतात.

'फ्रोजन मटार निरुपयोगी.' हंगामात तोडलेले मटार गरम पाण्यातून काढून लगेच गोठवले जातात. त्यामुळे त्यांतली बरीच पोषणमूल्यं टिकतात.

'हंगामी फळ कितीही खा.' मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर किती खायचं हे डॉक्टरांना विचारून ठरवा.

बाजारात गेल्यावर काय कराल?

* आज कोणत्या भाजीचे ढीग सर्वात जास्त गाड्यांवर आहेत ते बघा. आवक आणि भाव हेच हंगामाचं सर्वात सोपं कॅलेंडर.
* पालेभाजी दोन दिवस पुरेल इतकीच घ्या. भोपळा, सुरण, गाजर जास्त दिवस टिकतात.
* दर आठवड्याला एक तरी वेगळी हंगामी भाजी घ्या.
* माल स्वस्त आणि भरपूर असेल तेव्हा टिकवून ठेवा. कैरीचं लोणचं, आमसुलं, मोरावळा, कोहळ्याचे सांडगे हे सगळं त्यासाठीच तर आहे.

बिगरहंगामी भाजी खाल्ली म्हणून काही बिघडत नाही. पण रोजची पिशवी हंगामाप्रमाणे भरली, तर त्याच पैशांत घरच्यांच्या ताटात भाजी थोडी जास्त पडेल.