जस्ताची ढाल

पन्हळी पत्रा म्हणजे गरिबाचे छप्पर, असे आपण समजतो. पण १९७५च्या सुमारास ऑस्ट्रेलियात केम्पसीजवळच्या एका शेतघरासाठी वास्तुशिल्पी ग्लेन मर्कट यांनी जस्त चढवलेला हाच पत्रा निवडला. २००२ मध्ये त्यांना प्रित्झ्कर पारितोषिक मिळाले. हा पत्रा पावसात टिकतो कसा?

१८२४ मध्ये हम्फ्री डेव्ही यांनी जहाजांच्या तळावरील तांब्याच्या पत्र्याला जस्ताचे आणि लोखंडाचे तुकडे जोडून पाहिले. तांबे झिजायचे थांबले. पण विरघळणारे तांबेच समुद्रजीवांना दूर ठेवत होते. ते आता तळाला चिकटू लागले. उपाय मागे पडला, तत्त्व मात्र टिकले.

१८३७ मध्ये फ्रान्सच्या स्तानिस्लास सोरेल यांनी लोखंड वितळलेल्या जस्तात बुडवण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले. यात वीज लागत नाही. मग ‘गॅल्व्हनाइज्ड’ या शब्दात गॅल्व्हानींचे नाव कशाला? पत्र्यावर ओरखडा पडून तेथे पाणी साचले, की जस्त आणि लोखंड यांचा विद्युतघट तयार होतो. जस्त आधी झिजते, लोखंड वाचते.

एक साधा व एक जस्त चढवलेला खिळा घेऊ या. दोन्हींवर ओरखडा काढून ते वेगवेगळ्या भांड्यांत, मिठाच्या पाण्यात ठेवू या. गंज आधी कोठे दिसतो, हे विद्यार्थ्यांनाच शोधू द्यावे.