शटल बसचे वजन आणि त्याची वाटणी

अमेरिकेत विमानतळावरून हॉटेलकडे नेणारी छोटी शटल बस पुष्कळदा फोर्ड ई-450 च्या सांगाड्यावर बांधलेली असते. ड्रायव्हरच्या दाराशी लावलेल्या पट्टीवर 14,500 पौंड, म्हणजे सुमारे 6,577 किलो, हा आकडा असतो. तो बसचे वजन सांगत नाही, मर्यादा सांगतो. खरे वजन काट्यावरच कळते.

तेही एकाच आकड्यात घेऊ नये. सपाट काट्यावर आधी फक्त पुढची चाके चढवावीत, मग पूर्ण बस. दोन नोंदींतला फरक म्हणजे मागच्या ॲक्सलवरचा भार. उदाहरणासाठी धरू, की ड्रायव्हर आणि भरलेली टाकी धरून पुढे 1,600 व मागे 3,200 किलो भरले, आणि दोन ॲक्सलमधले अंतर 4.47 मीटर आहे.

आता 14 प्रवासी बसवू. अमेरिकेत बसच्या चाचणीसाठी माणशी 150 पौंड, म्हणजे 68 किलो, धरण्याची रीत होती. म्हणजे 952 किलो. माणशी 20 किलोप्रमाणे सामान 280. एकूण 6,032. अजून 545 किलोंची सवड दिसते, आणि बहुतेक हिशेब इथेच थांबतात. ते धोक्याचे आहे.

सामानाचा कप्पा शेपटाकडे, मागच्या ॲक्सलच्याही 1.5 मीटर मागे असेल, तर तरफेच्या नियमाने 280 किलोंमुळे मागे 374 किलो वाढतात आणि पुढचे 94 किलो उचलले जातात. पुढची चाके हलकी झाली की स्टिअरिंगची पकड घटते. प्रवाशांचा सरासरी भार पुढच्या ॲक्सलपासून 3.3 मीटरवर मानला, तर त्यांचे 703 किलो मागे जातात. मागची बेरीज 4,277 होते. त्या ॲक्सलची मर्यादा 9,600 पौंड, म्हणजे 4,354 किलो. सवड उरली 77 किलोंची!

त्यात 68 किलोंचा प्रवासी हा जुना अंदाज. फेडरल ट्रान्झिट ॲडमिनिस्ट्रेशनने 2011 मध्ये तो 175 पौंडांवर नेण्याचा प्रस्ताव मांडला आणि 2012 मध्ये मागे घेतला. माझ्या मते हिशेबात 175 पौंडांचाच आकडा धरावा. त्याने एकूण वजन 6,192 होते, मर्यादेच्या बरेच खाली. पण मागचा ॲक्सल 4,395 वर, म्हणजे 41 किलोंनी जास्त भरतो. तेच सामान ड्रायव्हरच्या मागे, पुढच्या ॲक्सलपासून एका मीटरवर रचले, तर मागे 4,084 आणि पुढे 2,108 किलो येतात. पुढची मर्यादा 2,268 आहे.